तीन हिसके

विहीणबाई,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. फोटोला हार घालायचा नाही ही तुमची ताकीद आम्ही पाळली आहे. फोटोही तुम्हीच निवडून ठेवलेला, त्यामुळे त्यावरून वाद झाला नाही. एरवी या घरात तुम्ही असताना तुमच्या तक्रारीशिवाय साधी डाळसुद्धा शिजली नाही. मी आमटीत गूळ घालायचा आणि तुम्ही तो चमच्यानं काढायला बघायचं, हे इतकी वर्षं चाललं. काल मी गूळ घातला आणि कुणी काही म्हणालं नाही. आमटी मला गेली नाही.

मी अजून रोचेस्टरलाच आहे, मंदार-गौरीकडे. ॲन आर्बरच्या माझ्या घराला कुलूप आहे आणि ते असू दे. तुमच्या मुलाची अवस्था बघवत नाही. तो सगळ्यांना एकच प्रश्न विचारत सुटलाय. परवा तुमच्या शिकागोच्या शेजारणीला फोन केला. "काकू, मम्मीचं बोलणं कधी ऑड वाटलं का? काही विसरायची का? प्लीज, नीट आठवून सांगा." मग डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या त्या मिठाईवाल्याला केला, ज्याच्याकडे तुम्ही दर शनिवारी जायचात. त्या बिचाऱ्याला काय माहीत असणार? मला त्यानं दोनदा विचारलं. "आई, बोटीच्या ट्रिपला मम्मी ठीक होती ना?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "अगदी ठणठणीत होती रे."

दोन्ही वेळा मी खोटं बोलले. उद्या दुपारी त्याला खरं सांगायचं असं मनाशी ठरवलंय. कदाचित तो माझं तोंड बघणार नाही, आणि या घरचं दार मला पुन्हा पूर्वीसारखं उघडणार नाही. पण त्याच्याआधी ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्हीही मला विचारलं होतंत आणि तुमच्याशीही मी खोटंच बोलले होते.

ती सहल खरं तर आपली नव्हतीच. मंदारनं एरी कालव्यावर चार दिवस बोट घेतली होती, आपण पाचजणांनी राहायचं म्हणून. इंग्लंडात असतात तशी लांबलचक, चिंचोळी बोट. आत स्वयंपाकघर, झोपायच्या फळ्या, आगगाडीतल्यासारखी इवलीशी मोरी. ऑक्टोबरातलं झाडांचं रंगकाम बघायचं आणि गावागावांतून हळूहळू जायचं. निघायच्या आदल्या दिवशी नातीला ताप चढला, गौरी-मंदारनी माघार घेतली, आणि मी मनात म्हटलं, सुटलो बुवा. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आपण दोघी जाऊ की. काहून घाबरता? मी पस्तीस वर्षं माणसं बेशुद्ध करून परत जागी केली आहेत. बोट काय चीज आहे!"

बोटवाल्यानं आपल्याला दोन तास शिकवलं. तुम्ही त्याला प्रश्न विचारून इतकं पिडलंत की शेवटी त्यानं तुम्हाला विचारलं, तुम्ही आधी नौदलात होतात का. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, हे मला पटकन जमलं आणि तुम्हाला काही केल्या जमेना. मागे मी आणि पुढे तुम्ही, अशी वाटणी ठरली. इंजिनाच्या धडधडीत चाळीस फुटांवरून हाक ऐकू येईना. तेव्हा तुम्ही पिशवीतून परकराला घालायच्या पांढऱ्या नाड्याचं भेंडोळं काढलंत, डेव्हनवरून माझ्यासाठीच आणलेलं. त्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलंत आणि दुसरं स्वतःच्या हाताला गुंडाळून बोटीच्या नाकावर जाऊन उभ्या राहिलात. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांब. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कालव्यावर आपली बोट परकराच्या नाड्यावर चालली, हे मी कितीजणांना हसत सांगितलंय.

पहिले दोन दिवस किती छान होते हो! आणि किती विचित्र. काही ठिकाणी तो कालवा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून जातो. आपण वर पाण्यात, आणि खाली माणसांची घरं, सफरचंदाच्या बागा, गायींच्या पाठी. एका ठिकाणी तर गाड्यांचा रस्ताच आपल्या पोटाखालून गेला. तुम्ही पुढून मागे येऊन म्हणालात, "मेल्यावर असंच दिसत असेल. सगळं जागच्या जागी, फक्त आपण जरा वर." मी म्हटलं, "शुभ बोला." तुम्ही हसलात.

गावं आली तरी माणसं दिसायची नाहीत. भोंगा वाजवला की पूल आपोआप वर जायचा आणि आपण खालून निघालो की मागे खाली बसायचा, पण चालवणारा दिसेल तर शपथ. काठावरच्या एका बाकावर म्हातारा-म्हातारी बसलेली दिसली, आपण दोघींनी आनंदानं हात केला, आणि जवळ गेल्यावर कळलं की ते हॅलोविनसाठी मांडलेले पेंढ्याचे पुतळे आहेत. दुसऱ्या दिवशी तसाच एक पुतळा दिसला, तर शहाण्या होऊन आपण हात केला नाही. मग त्यानंच केला. आपली जी घाबरगुंडी उडाली, ती आठवून आपण रात्री जेवताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

त्याच जेवणात तुम्ही मला विचारलं होतं, "तुम्ही माझ्याशी भांडत का नाही हो? न भांडणारी ती कसली विहीण?" मी विषय बदलला. खरं उत्तर असं आहे की लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं पुण्याहून फोनवर मला बजावलं होतं, मुलीच्या सासूचं चुकलं तरी आपण पाहिलंच नाही असं करायचं, लेक सुखात राहते. तुम्ही मानपानाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हतातच. लग्नात साडी परत करून "फक्त कॉफी वेळेवर द्या" म्हणाला होतात. हे गेले तेव्हा तुम्ही बर्फातून पाच तास गाडी चालवत ॲन आर्बरला आलात, सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत, आणि आल्या आल्या माझा फ्रीज रिकामा करून धुवून काढलात. अशा बाईपुढे माझ्या आईचा सल्ला पाळायची काय गरज होती? पण हाडात मुरलेलं जात नाही. तुम्ही चुकलात की माझी नजर आपोआप दुसरीकडे वळायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. तसं ते रोजच असायचं, पाणी कोमट आणि हवा गार म्हणून. बोटवाल्यानं बजावलं होतं की धुकं विरल्याशिवाय निघू नका. मी म्हटलं, थांबू या. तुम्ही म्हणालात, साडेसात म्हणजे साडेसात, ऑपरेशन थिएटरमध्ये कधी कुणी माझी वाट बघितली नाही. मी गप्प बसले आणि दांडा धरला. तेव्हा भांडले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं आता वाटतं. पण जे घडायचं होतं ते तुमच्या डोक्यात आधीच घडत होतं, हेही कळतं.

दहा पावलांवर बोट धुक्यात दिसेनाशी होत होती. पुढे नुसतं पांढरं. झाडाचं एखादं लाल पान त्या पांढऱ्यातून यायचं आणि पाण्यावर बसायचं. एक हिसका आला, मी डावीकडे घेतलं. दोन आले, उजवीकडे घेतलं. मग बराच वेळ काही नाही. नाडा सैल पडला होता. मी दोनदा तुमचं नाव घेऊन ओरडले, तर आवाज माझ्याच तोंडाशी परत आल्यासारखा वाटला. आणि मग एकामागून एक तीन हिसके आले, असे की नाडा मनगटात रुतला.

मी गिअर रिव्हर्सला टाकला. बोट थरथरली, तशीच पुढे सरकत राहिली, आणि धुक्यातून एका पुलाचं हिरवं लोखंडी पोट बाहेर आलं. पूल उचललेलाच नव्हता. पूलवाला आणखी कुठल्या पुलावर असेल. बोट थांबली तेव्हा तुमचं डोकं आणि ते लोखंड यांच्यात हातभर जागा होती.

आपण नंतर सगळ्यांना काय सांगितलं? मी बोट काठाला बांधून धावत आत गेले, तर तुम्ही शेगडीपाशी उभ्या राहून चहात आलं किसत होतात. "का हो थांबवलीत?" असं तुम्हीच मला विचारलंत. मी म्हटलं, "तुम्हीच तर तीन हिसके दिलेत." तुम्ही म्हणालात, "मी? मी तर कधीची आत आहे. नाडा कडीला बांधून आले होते." मग मी म्हटलं, "असेल कालव्यावरचं कुणीतरी. खणताना गेले असतील की मजूर." आणि आपली भुताची गोष्ट तयार झाली.

केवढी गाजली ती! दिवाळीच्या फराळाला मंदारचे सगळे मित्र तुमच्याभोवती बसले. "काकू, वो बोटवाली सांगा ना, यार हिनं ऐकली नाहीये." तुम्ही दिवे मंद करायला लावलेत. "आणि तो नाडा, सांगते तुम्हाला, बर्फासारखा गार! ओला नाही, गार!" मी शेजारी बसून हुंकार भरत होते, साक्षीदारासारखी. तासाभरानं तुम्ही तीच गोष्ट त्याच लोकांना पहिल्यापासून पुन्हा सांगितलीत. लोकांना वाटलं, वन्स मोअर आहे. मंदारनं तर शिट्टी मारली. आता तो त्या शिट्टीसाठी स्वतःला माफ करत नाही.

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. बोट थांबली, मी इंजिन बंद केलं, तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि धुकं क्षणभर फाटलं. मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही बोटीच्या नाकावर उभ्या होतात, पिवळ्या रेनकोटात, नाडा हाताला दोन वेढे देऊन. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. मग दार उघडून आत गेलात. मी आत आले तेव्हा रेनकोट खुंटीवर होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि तुम्ही अगदी खऱ्या चेहऱ्यानं मला सांगत होतात की मी कधीची आत आहे. तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला ते ठाऊकच नव्हतं. त्या पाच मिनिटांत तुम्ही कुठे गेला होतात, विहीणबाई?

मी त्या रेनकोटाकडे पाहिलं आणि मग पाहिलंच नाही असं केलं.

आणि तुम्ही डॉक्टर होतात. भूत तुम्हाला सकाळपुरतंच पुरलं. संध्याकाळी बोट बांधून आपण बसलो होतो, पाण्यावर बदकं होती, आणि तुम्ही मान वर न करता विचारलंत, "सकाळी तुम्ही मला पुढे पाहिलं होतं का? खरं सांगा. मला कळायला पाहिजे." असा आवाज तुमचा मी कधी ऐकला नव्हता. तुम्ही विहीण म्हणून विचारत नव्हतात. तुम्हाला साक्षीदार हवा होता, आणि जगात एकच होता. मी म्हटलं, "छे हो, धुकं केवढं होतं!" तुम्ही दीर्घ श्वास सोडलात आणि म्हणालात, "मग भूतच." मला वाटलं, मी तुमची लाज राखली.

मे महिन्यात तुम्हाला झटका आला आणि स्कॅनमध्ये मेंदूतली ती गाठ दिसली. बोटीनंतर सात महिने, विहीणबाई. डॉक्टर म्हणतात, आधी कळून फारसा फरक पडला नसता. 'फारसा' या शब्दावर मी रोज अडते.

इथवर लिहून काल मी वही मिटली होती. आज संध्याकाळी पुन्हा उघडली आहे. मंदारला सांगून झालं.

दुपारी आम्ही कालव्याच्या काठानं फिरायला गेलो. तुम्ही असा कालवा पाहिला नाहीत. हिवाळ्यासाठी पाणी सोडून दिलंय. ज्यावरून आपण तरंगत गेलो त्याच्या तळाशी नुसता काळा चिखल आहे, आणि त्यात एक सायकल, एक खुर्ची, दुकानातली ढकलगाडी, सगळं आपल्या बोटीखालीच होतं. वास येतो. मंदार म्हणाला, "क्रीपी आहे ना?" मी म्हटलं, "थांब जरा. तुला काहीतरी सांगायचंय." आणि तुम्हाला जसं सांगितलं तसंच सांगितलं. रेनकोट, दिवाळी, संध्याकाळचा प्रश्न, माझं उत्तर.

"शी आस्क्ड यू," तो म्हणाला. "आई, तिनं तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही मॅनर्स पाळल्या."

"हो रे."

तो पुढे चालू लागला. मला मागे टाकून बराच पुढे गेला. मी तशीच उभी होते. हाक मारायचा मला हक्क नव्हता. मग तो परत आला. डोळे लाल होते, आणि मला वाटलं आता हा मला ॲन आर्बरला जायला सांगणार. त्यानं विचारलं, "ती वळली म्हणालात. काही बोलली?"

हे मात्र मी राखलं होतं. तुम्हालाही वर सांगितलेलं नाही. तुम्ही वळलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि तुमच्या डोळ्यांत मला ओळखल्याची काही खूण नव्हती. पण भीतीही नव्हती. चेहरा एकदम लहान मुलीचा झाला होता. नाडा गुंडाळलेला हात तुम्ही माझ्याकडे पुढे केलात आणि म्हणालात, "आई, थांब ना गं. मी आलेच."

मंदारला मी हेही सांगितलं. मग तो म्हणाला, "शेवटच्या आठवड्यात ती हेच म्हणायची. डोळे उघडायची आणि हेच. मला वाटायचं, नागपूरच्या आजीला बोलावतेय. मी दर वेळी सांगायचो, मम्मी, आजी इज नॉट हियर. आजी गेली, मम्मी. दर वेळी तिला परत सांगायचो, आणि तिचा चेहरा असा पडायचा." तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्यानं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. घरी येताना त्यानं माझा हात धरला होता, पण रस्ता निसरडा होता.

विहीणबाई, त्या खोलीत मीही होते. खिडकीपाशी, शाल हातात घेऊन. मंदार तुमच्या उशाशी बसायचा, आणि तुम्ही हाक मारायचात ती त्याच्याकडे किंवा वर छताकडे बघून नाही. माझ्याकडे बघून मारायचात. मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. बोटीवर कळलं होतं आणि तिथेही कळलं. मी दर वेळी शालीची घडी करायला लागायचे. मी कोण ओ देणारी? तुमच्याहून दोन वर्षांनी लहान, मुलीची आई, पाहिलंच नाही असं करणारी. एका शब्दाचं काम होतं, आणि तुम्ही तो ऐकून शांतपणे डोळे मिटले असतेत. तो शब्द माझ्याजवळ होता आणि मी दिला नाही.

आता मोठ्यानं म्हणते. स्वयंपाकघरात गौरी आहे, तिनं ऐकलं तर ऐकू दे.

ओ, बाळ. थांबलेय मी. ये सावकाश.